स्वारगेटहून गोल्फला

गोल्फच्या काठ्यांच्या पिशवीला सिटी बसमध्ये खिडकीची जागा मिळालेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. पिशवीच्या शेजारच्या जागेवर एक म्हातारी बसली होती. आणि पिशवीच्या मालकीण, म्हणजे आमच्या मॅडम, वय वर्षं चौसष्ट, वरची दांडी धरून उभ्या होत्या.

माझी गाडी त्या दिवशी गॅरेजला होती म्हणून हा प्रसंग माझ्या नशिबी आला. मॅडम स्वारगेटला पिशवी घेऊन चढल्या तसा कंडक्टर म्हणाला, "लगेजचं तिकीट लागेल." मॅडमनी वाद घातला नाही. तसा नियम आहे का, एवढंच विचारलं. आहे म्हटल्यावर तिकीट काढलं, पिशवी खिडकीशी बसवली आणि स्वतः शेजारी बसल्या. पुढच्या स्टॉपला गर्दी चढली. टोपीवाल्या एका गृहस्थांनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"ही कोण?"

"प्रवासी. तिकीट आहे तिचं."

"अहो, लगेजच्या तिकिटाला सीट नसते."

"तसं तिकिटावर कुठं छापलंय ते दाखवा."

गृहस्थांनी चष्मा लावून तिकीट दोन्ही बाजूंनी वाचलं, परत दिलं आणि उभे राहिले. पुण्यात माणूस माणसापुढे नमत नाही, छापील मजकुरापुढे नमतो. मग ती म्हातारी चढली. मॅडमनी ताबडतोब उठून तिला आपली जागा दिली. मी कुजबुजलो, "मॅडम, पिशवी खाली ठेवून तुम्ही बसा की."

"माझी जागा मी दिली," मॅडम म्हणाल्या. "तिची द्यायचा मला अधिकार नाही."

पाऊण तास त्या उभ्या होत्या. पिशवी बाहेरची गंमत पाहत होती.

मॅडम म्हणजे पाटबंधारे खात्यातल्या माझ्या वरिष्ठ. मूळच्या चंद्रपूरकडच्या, नोकरीनं पुण्यात आल्या आणि इथेच राहिल्या. मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, पण एखाद्या गोष्टीत जीव गुंतला की तिकडची बोली वर यायची. "काय करून राहिले तुम्ही?" असं त्यांनी विचारलं की सारा विभाग समजायचा, आज मॅडमना काहीतरी मनापासून पटलेलं नाही. मी त्यांच्या हाताखाली दहा वर्षं काढली. बाहेर कुणी विचारलं तर मी "सोसली" म्हणतो, पण ते खरं नाही. त्या दहा वर्षांइतकी मजा मला नंतर कुठल्याच नोकरीत आली नाही.

निवृत्त झाल्यावर लोक काय काय करतात. मॅडमनी गोल्फ घेतलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "इतकी मोठी मोकळी जमीन शहरात दुसरीकडे कुठं राहिलीय?" काठ्या जुन्या बाजारातून घेतल्या, सुट्या सुट्या, तीन रविवार हिंडून. त्यातली एक इतकी जुनी होती की तिचं डोकं लाकडाचं होतं. मैदानावरच्या लोकांच्या चकचकीत पिशव्यांशेजारी मॅडमची पिशवी उभी राहिली की लग्नात नात्यातलं कुणीतरी शेतातून थेट आल्यासारखं वाटायचं.

आता मूळ दुखणं सांगतो. मॅडमनी मारलेला चेंडू उजवीकडे जायचा. थोडासा नाही. निघायचा सरळ, मध्यावर आला की काहीतरी आठवल्यासारखा वळायचा आणि उजवीकडच्या तळ्यात, झुडपात, एकदा तर कुंपणापलीकडच्या कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीत जाऊन बसायचा. गोल्फमध्ये या रोगाला स्लाइस म्हणतात. जगातल्या निम्म्या गोल्फवाल्यांना तो असतो. मलाही आहे. फरक एवढाच की मी तो झाला की काठीला, वाऱ्याला आणि गवत कापणाऱ्या माणसाला शिव्या घालतो. मॅडम खिशातून लहानशी वही काढून अंतर लिहायच्या.

"मॅडम, तुम्हाला राग येत नाही?"

"येतो ना."

"मग?"

"किती आला ते मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते दुरुस्त कसं करायचं?"

आमच्या मैदानाचा नियम असा: नवख्या खेळाडूला परीक्षा द्यावी लागते. नऊ होल, साठ फटके. चेंडू नऊ खळग्यांत घालायला साठाच्या आत किंवा बरोबर साठ फटके लागले तर पास, एकसष्ट लागले तर नापास. दोन वर्षांत चार वेळा बसता येतं. चौथ्यांदा नापास झालं की नाव यादीतून जातं, आणि पुन्हा रांगेत उभं राहिलं तर आठ वर्षांनी नंबर लागतो. मी पहिल्याच परीक्षेत पास झालो होतो, निव्वळ नशिबानं. माझे दोन चेंडू झाडांवर आपटून परत मैदानात आले. त्यामुळे मी पक्का खेळाडू आणि मॅडम कच्च्या. कच्च्या खेळाडूला मैदानात फक्त दुपारी, उन्हात आणि कुणातरी पक्क्यासोबत सोडतात. म्हणजे दहा वर्षं ज्यांच्यासमोर मी उभ्यानं बोललो त्या मॅडमच्या नावापुढे मी आता मैदानाच्या वहीत "जबाबदार व्यक्ती" म्हणून सही करत होतो. या सुखाचं वर्णन मी घरी अनेकदा केलं आहे.

तीन वेळा मॅडम नापास झाल्या. अडुसष्ट, पासष्ट आणि त्रेसष्ट. तिसऱ्या वेळी आम्ही बाहेर टपरीवर चहा घेत होतो. मी आपला समजुतीचं बोलत होतो, की मॅडम, शेवटी खेळ आहे. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"नोकरीत जिथं टाकलं तिथं गेले मी. ज्या खात्यात घातलं ते केलं. लग्न घरच्यांनी ठरवलं, घर साहेबांनी ठरवलं." साहेब म्हणजे त्यांचे यजमान, ते जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. "ही एक गोष्ट मी स्वतःहून मागितली. आठ वर्षांनी मी बहात्तरची होईन. तेव्हा कोण मला आत घेऊन राहिलं?"

बोली वर आली होती. मी चहा संपवला आणि पैसे दिले.

आता मॅडमची काम करण्याची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका उसाच्या शेतात कालव्याचं पाणी फुटून वर आलं होतं. मी तरुण, हुशार, तडफदार. मजूर लावून पाणी येत होतं तिथं वाळूची पोती रचली. मॅडम जीपमधून उतरल्या, पोत्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान रचलीत. आता चपला काढा." भर उन्हात आम्ही दोघं कालव्याच्या काठाकाठानं अनवाणी वरच्या अंगाला चालत गेलो, पायाला ओल लागते का ते पाहत. जवळजवळ दोन किलोमीटरवर घुशीचं एक बीळ सापडलं. तिथून शिरलेलं पाणी खालच्या शेतात डोकं वर काढत होतं. तेव्हापासून मॅडमचं म्हणणं मला पाठ आहे: पाणी दिसतं तिथं फूट नसते, वर चला.

चेंडूच्या बाबतीतही मॅडम वर चालू लागल्या.

सगळ्यात आधी काठी. ती वाकडी असेल तर? कसबा पेठेत तांबटांच्या आळीत त्यांच्या ओळखीचा एक कारागीर होता. त्यानं काठी डोळ्याशी धरली, एक डोळा मिटला, फिरवली, हातोडीनं एकदा ठोकून आवाज ऐकला.

"काय म्हणते?" मॅडमनी विचारलं.

"दांडी सरळ आहे. धरणाऱ्याकडे बघा."

मॅडमना या उत्तराचा इतका आनंद झाला की त्यांनी त्याच्याकडून एक तांब्या विकत घेतला.

मग पकड. दोन महिने गेले. पकडीत दोष निघाला, दुरुस्त झाला, चेंडू उजवीकडेच. मग मनगट. मग कोपर. मग खांदे. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे जिथं ओळीनं उभं राहून नुसतेच चेंडू मारण्याचा सराव करतात तिथं, मॅडमनी चुन्याची फक्की टाकून पायाखाली रेघा आखल्या, दोन खुंट्या ठोकून दोरी ताणली. तिथला कोच हा सळसळता तरुण, आयटीतली नोकरी सोडून इकडं आलेला. तो ते बांधकाम बघून हैराण झाला.

"मॅम, तुम्ही ओव्हरथिंक करताय. जस्ट रिलॅक्स. स्विंगवर ट्रस्ट ठेवा."

"अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. तिथं शिल्लक राहिलेला विचार आता करून राहिले. करू द्या."

"पण मॅम, फील पाहिजे."

"फीलचं माप सांगा, आणते."

कोचनं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. दहा वर्षांच्या अनुभवानं काही गोष्टी येतात.

याच काळात माझा एक पराक्रम झाला, तोही सांगून टाकतो, कारण दुसऱ्या कुणी सांगितला तर जास्त रंगवेल. शेवटच्या होलवर उजव्या हाताला लांबलचक तळं आहे. एका दुपारी माझे सलग तीन चेंडू त्यात गेले. तिसऱ्यानंतर मी काठीही त्यांच्यामागे पाठवली. गरगरत गेली, सुंदर गेली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सरळ फटका. मॅडमनी बॅगेतून पाण्याची बाटली काढून मला दिली, मी प्यालो, आणि मग म्हणाल्या, "आता उतरा."

"मॅडम, जुनीच होती."

"पाण्यात अडथळा टाकलेला मला चालत नाही. उतरा."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलो. मॅडम काठावरून, साइटवर असल्यासारख्या, सूचना देत होत्या. "दोन पावलं डावीकडे. अजून एक. थांबा. हात घाला." हात घातला तर काठी. आणि काठीसोबत चेंडू. एक, दोन, करत अकरा निघाले. प्रत्येकावर मॅडमची निळ्या शाईची खूण. मी ते शर्टाच्या झोळीत घेऊन चिखलानं माखून बाहेर आलो, तर मॅडम चेंडूंकडे बघतच नव्हत्या. त्या तळ्यातल्या माझ्या पावलांच्या जागा बघत होत्या.

"सगळे एकाच पट्ट्यात निघाले," त्या सावकाश म्हणाल्या. "पाच-सहा मीटरच्या पट्ट्यात. म्हणजे हा दोष लहरी नाही. शिस्तीचा आहे."

मी पायातली जळू काढत होतो, त्यामुळे या शोधाचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही.

शोध लागला तो त्यांच्या गच्चीवर. एका रविवारी सकाळी फोन आला, या. मी गेलो. त्यांची सकाळची बुद्धवंदना आटोपली होती, घरात उदबत्तीचा वास होता. गच्चीवरच्या सिमेंटवर मॅडम बादलीशेजारी अनवाणी उभ्या, हातात काठी. पाय बादलीत बुडवायचे, कोरड्या जागेवर उभं राहायचं, काठी फिरवायची आणि बाजूला होऊन ओले ठसे बघायचे. उन्हानं ठसे वाळायच्या आत खडूनं त्यांच्या कडा आखायच्या. सगळी गच्ची पावलांनी भरली होती. शेजारच्या इमारतीतून दोन कुटुंबं चहाचे कप घेऊन बघत होती.

"उजवा पाय बघा," मॅडम म्हणाल्या. "जागच्या जागी. आता डावा बघा."

डाव्या पायाचा ठसा प्रत्येक वेळी मागे ओढला गेला होता. टाच घसरलेली, रेघ फरपटलेली. एकूण एक ठशात तेच.

मॅडम त्या ठशांपाशी उकिडव्या बसल्या. मग त्यांनी डाव्या घोट्यावर हात ठेवला.

"हा वळत नाही."

नोकरीच्या सुरुवातीला, माझ्या आधीची गोष्ट, कालव्याच्या दरवाज्याची पाहणी करताना त्या शेवाळावरून घसरल्या होत्या. घोटा मोडला. प्लास्टर काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या साइटवर होत्या, कारण "बाई आहे म्हणून रजा घेतली" हे वाक्य त्यांना ऐकायचं नव्हतं. घोटा तसाच आखडून बसला. त्या कधी लंगडल्या नाहीत, त्यामुळे कुणाला कळलं नाही, आणि हळूहळू त्याही विसरल्या. फटका मारताना सगळं अंग डाव्या पायावर वळावं लागतं. घोटा वळत नव्हता, म्हणून पाय घसरायचा, अंग मध्येच अडायचं, काठी तिरकी लागायची आणि चेंडू उजवीकडे जायचा. इतकं साधं. चेंडूपासून वर चालत चालत मॅडम तीस-पस्तीस वर्षं मागं, त्या ओल्या शेवाळापाशी जाऊन पोचल्या होत्या.

डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, आता हा असाच राहणार.

मला फार वाईट वाटलं. दीड वर्षाची मेहनत, आणि सापडलं काय, तर न सुधारणारी गोष्ट. मी तसं म्हणालोही. मॅडम फोटो पाकिटात घालत होत्या.

"कालव्याच्या वाटेत कातळ आला तर काय करतो आपण?"

"फोडतो."

"आणि फुटत नसला तर?"

"कालवा वळवतो."

"मग," मॅडम म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.

चौथी परीक्षा मार्चमधल्या एका सकाळी होती. परीक्षक एक निवृत्त कर्नल, बोलणं तुटक, मिशी चोख. कोचही आला होता. पहिल्या होलवर मॅडम चेंडूपाशी उभ्या राहिल्या, आणि कर्नलसाहेबांनी घसा साफ केला.

"मॅडम, आपलं तोंड त्या झाडांकडे आहे."

"हो."

"होल तिकडं आहे."

"मला माहीत आहे. चेंडूलाही माहीत आहे. जाईल तो."

"ही पद्धत नाही."

मॅडमनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढून त्यांच्यापुढे धरलं. "यात फटके मोजायला सांगितलंय. उभं कसं राहायचं ते कुठल्या पानावर आहे?"

कर्नलसाहेबांनी पान उलटलंही नाही. हातानं "चला" अशी खूण केली.

मॅडमनी झाडांच्या रोखानं चेंडू मारला. तो झाडांकडे निघाला, मध्यावर वळला आणि मैदानाच्या मधोमध येऊन अलगद बसला. कोच माझ्या कानात म्हणाला, "हे टेक्निकली चूक आहे." मी म्हटलं, "हो, आणि मधोमध आहे." असे आठ होल झाले. दर वेळी मॅडम भलतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, आणि दर वेळी चेंडू आपली सवय निष्ठेनं पाळायचा. एवढ्या खात्रीनं चुकणारी गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती. आठ होलांना चौपन्न फटके झाले.

शेवटचा होल. सहा फटके शिल्लक. उजवीकडे तळं, डावीकडे दाट झाडांची रांग. मॅडम झाडांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घोटा एकदा चोळला. काठी वर गेली, खाली आली, आणि असा आवाज झाला की लांबवर गवत कापणारा माणूसही वळून पाहू लागला.

चेंडू सरळ गेला.

वळला नाही, वाकला नाही. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो चेंडू, दोरी ताणल्यासारखा, जिकडे मॅडमचं तोंड होतं तिकडे सरळ गेला आणि झाडांत नाहीसा झाला.

"परफेक्ट स्विंग, मॅम," कोचच्या तोंडून निघून गेलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. चेहरा उजळलेला. "पाहिलं का?"

"झाडांत गेला, मॅडम."

"झाडांत गेला. पण सरळ गेला ना."

आम्ही झाडांत शिरलो. चेंडू एका मुळाला टेकून बसला होता. दुसरा फटका मॅडमनी आडवा मारला, फक्त उघड्यावर येण्यापुरता. तिसऱ्याला पुन्हा झाडांकडे तोंड. आता हा कुठं जाणार, देवाला ठाऊक. चेंडू निघाला आणि भल्या सवयीनं उजवीकडे वळला, तळ्याच्या काठानं घरंगळत होलच्या अलीकडे थांबला. चौथा खळग्याभोवतीच्या हिरवळीवर. पाचवा लांबून लोटला, तो खळग्याच्या वीतभर आधी थांबला. साठावा फटका तेवढ्या वीतभर अंतराचा होता. मॅडम वाकल्या, अंतर डोळ्यानं मोजलं, आणि चेंडू आत पडल्याचा तो छोटासा टक् आवाज आम्ही चौघांनी ऐकला.

कर्नलसाहेबांनी टोपी काढून हात पुढं केला. मी तर मॅडमच्या पाया पडायच्या बेतात होतो, पण त्यांना ते चालत नाही. कर्नलसाहेब म्हणाले, कार्ड लिहितो, आत चला, चहा घेऊ. आम्ही आत गेलो. कार्ड लिहून झालं, सही झाली, शिक्का बसला, चहा आला. मॅडम कुठं होत्या?

मी धावत बाहेर आलो. मॅडम ड्रायव्हिंग रेंजवर होत्या. चेंडूंची भरलेली बादली शेजारी, वही उघडी, पायाखाली चुन्याची ताजी रेघ.

"मॅडम, अहो, पास झालात तुम्ही. कार्ड आत आहे."

"ठेवा कुठंतरी." त्यांनी मान वर केली नाही. "तो सरळ का गेला, ते आधी पाहू द्या."

फटका. उजवीकडे. दुसरा. उजवीकडे. तिसरा निघाला तेव्हा मी श्वास रोखला, उजवीकडे. इतक्या आनंदात नापास होणारा माणूस मी पाहिलेला नाही. प्रत्येक चेंडूनंतर त्या दोन शब्द लिहायच्या आणि घोट्याकडे बघून स्वतःशी मान हलवायच्या.

एवढ्यात कर्नलसाहेब कार्ड घेऊन स्वतःच निघाले. आतून रेंजकडे यायची पायवाट मैदानाच्या उजव्या कडेनं आहे. ते रुबाबात, कार्ड उंच धरून, बरेच पुढून येत होते. मॅडमनी काठी उचलली होती, ती तशीच खांद्यावर थांबवली आणि हाक मारली,

"थांबा तिथंच, साहेब. झाडामागं व्हा. माझा उजवीकडे येतो."

कर्नलसाहेब झाडामागं झाले. बादली संपेपर्यंत, हातात कार्ड धरून, ते तिथंच उभे होते.